भावकीचा चहा

कुवेतला मी आठ वर्षं ड्रायव्हर होतो. टोळी म्हटलं की आम्हा बीडवाल्यांना ऊसतोडीची टोळी आठवते, तिथली टोळी मात्र रक्ताच्या नात्याची. मालकाच्या पुतण्यानं, चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरनं, एकदा निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. टोळीनं तर आधीच आपापसात दुसऱ्याचं नाव पक्कं केलं होतं. एका दुपारी टोळीतले म्हातारे त्याच्याकडं आले. त्यानं कॉफी दिली, त्यांनी पेले तसेच समोर ठेवले. मागणी मान्य होईस्तोवर कॉफीला तोंड लावायचं नाही, अशी त्यांची रीत. पाहुणे तसेच उठले तर यजमानाची अब्रू गेली. पाव तासात गडी नरमला. एवढं शिकून काय दिवे लावले, म्हणून मी दारात उभा राहून मनातल्या मनात हसलो.

गावी परतल्यावर हा किस्सा मी नेकनूरच्या स्टँडवर तिखटमीठ लावून कितीदा तरी सांगितला. सांगायची हौस भारी.

यंदा ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डातली जागा महिलेसाठी सुटली आणि बायको म्हणाली, मी उभी राहते. मी तिकडं असताना घर तिनं एकटीनं ओढलं, बचत गट चालवला, नालीसाठी ग्रामसेवकाचं डोकं खाल्लं. स्वतःसाठी ती पहिल्यांदाच काही मागत होती. कागदपत्रं तिनंच गोळा केली, बीडला जाऊन फॉर्मही भरला. मला तिचा अभिमान वाटत होता.

माघारीच्या आदल्या दिवशी सकाळीच थोरले चुलते चार भाऊबंद घेऊन घरी आले. भावकीनं चुलत्यांच्या सुनेचं नाव ठरवलं होतं. बायकोनं चहा आणून ठेवला आणि आत गेली. चहावर साय धरली तरी कुणी कप उचलेना.

“आपल्यात दोन फारम नकोत. उद्या काढून घे,” चुलते म्हणाले.

“तिला विचारू तरी द्या.”

“तिला काहून इचारायचं? तू हायस न्हवं घरात?” मग त्यांनी कपांकडं बोट दाखवलं. “न्हाई म्हण, आमी असंच उठतो. पोरीच्या लग्नाला मांडवात कोण येतंय ते बघ मग.”

लग्न महिन्यावर आलं होतं. एक चुलतभाऊ दात काढून म्हणाला, “तुज्या शेखांचं असंच असतंय न्हवं?”

ही युक्ती मीच त्यांना शिकवली होती. पुढं काय होतं तेही मला ठाऊक होतं, तरी सुटायला वाट दिसेना. स्वतःचा इतका संताप मला कधी आला नव्हता. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी “बरं” म्हणालो.

पाचही कप एकदम उचलले गेले. चुलत्यांनी गार चहा बशीत ओतून फुर्रकन ओढला आणि आत आवाज दिला, “सूनबाई, चहा लई भारी हाय!”

बायकोनं कप विसळले आणि फॉर्मची पोच आणून माझ्यापुढं ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं बीडला गेलो. तहसीलमध्ये ही गर्दी. आमचा नंबर आल्यावर क्लार्कनं कागद पुढं सरकवला आणि तिला विचारलं, “ताई, स्वखुशीनं माघार घेताय ना? कुणाचा दबाव नाही ना?”

तिनं पेन हातात घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं. तिनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “हो, खुशीनंच.”