अमावास्येचा एक नंबर

हवाई दलात मी स्क्वाड्रन लीडर होतो आणि विवेक बापट माझ्या हाताखाली फ्लाइट लेफ्टनंट. तो भोपाळच्या इंद्रपुरीचा, मी तिथल्याच कारखान्याच्या टाउनशिपमधला. दोघांनी एकाच महिन्यात वर्दी उतरवली. एअरलाइनची पत्रंही एकाच दिवशी आली: सोमवारी किंवा मंगळवारी हजर व्हा.

सोमवारी अमावास्या होती.

"अमावास्येला नोकरी धरू नये," माझे वडील, अप्पा म्हणाले. "एका दिवसानं काय बिघडतं?"

अप्पांचा सगळा जन्म कारखान्याच्या सीनिऑरिटी लिस्टमध्ये गेलेला. तरी एका दिवसानं यादीतला नंबर जातो हे त्यांनाही सुचलं नाही, मलाही नाही. विवेक सोमवारी हजर झाला, मी मंगळवारी. एअरलाइनच्या यादीत तो माझ्या एक नंबर वर. तिथे आधीची रँक कोणी विचारत नाही, हजर झाल्याची तारीख बघतात.

काही वर्षांनी कॅप्टनची एकच जागा निघाली. ती विवेकला मिळाली. मला राग आला, आणि तो गेला नाही. कॅप्टनच्या डाव्या सीटवर बसूनही तो मला सवयीनं 'सर'च म्हणे. खरं तर मी त्याला म्हणायला हवं होतं. मी विवेकच म्हणत राहिलो.

त्या दिवशी आम्ही दोघं सकाळची फ्लाइट घेऊन भोपाळला येत होतो. नऊ एकतीसला त्यानं छातीवर हात दाबला.

"सर, यू हॅव कंट्रोल्स."

"आय हॅव कंट्रोल्स."

त्याची मान कलली. मी रेडिओवर संकटाचा संदेश दिला.

"भोपाळ टॉवर, मेडे. कॅप्टन इनकपॅसिटेटेड. रिक्वेस्ट ॲम्ब्युलन्स."

"क्लिअर्ड टु लँड."

नऊ बेचाळीसला चाकं टेकली. प्रवासी सगळे सुखरूप उतरले. डॉक्टरांनी विवेकची नाडी पाहिली आणि मान हलवली. मला काहीच वाटलं नाही. मी लॉगबुक भरलं.

यादीत माझा नंबर एकानं वर सरकला. दहाव्या दिवशी कमांड ट्रेनिंगचं पत्र आलं.

"कधी हजर व्हायचंय?" अप्पांनी विचारलं.

"सोमवारी."

अप्पांनी कॅलेंडरकडे पाहिलं नाही.

ट्रेनिंग संपवून कॅप्टन म्हणून पहिल्यांदा डाव्या सीटवर बसलो. पट्टे आवळले आणि म्हणालो, "आय हॅव कंट्रोल्स, सर."

शेजारचा को-पायलट गोंधळला. "मुझसे कहा, सर?"

"नहीं," मी म्हणालो. "चेकलिस्ट पढ़ो."