श्वासाचे मास्तर आणि दोन मशिनी

श्वास हाच परमेश्वर, असं आमचे हे रोज सकाळी शहापूरच्या समाजमंदिरात सतरंजीवर प्राणायामाला बसलेल्या मंडळींना सांगतात. निवृत्त मुख्याध्यापक असल्याने दोनदा सांगतात. मी मात्र हा परमेश्वर रात्री पाहिला आहे. तो घोरत यायचा, मध्येच गायब व्हायचा, आणि मी छताकडे बघत त्याची वाट पाहायची. एखाद्या रात्री तो परत आलाच नाही तर काय, एवढाच माझा प्रश्न होता.

दिवसा हे कुठेही झोपत. शोकसभेत झोपले, तेव्हा लोकांना वाटलं चिंतन चाललंय. मग मोटारसायकलवर डुलकी लागली आणि हे गाडीसकट धानाच्या बांधीत उतरले. चिखल होता म्हणून वाचले.

नागपूरच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. झोपेत गळा मिटतो, तो उघडा ठेवायला हवेचा दाब लागेल, म्हणाले. मशिनी दोन प्रकारच्या. एक रात्रभर एकच दाब देते. दुसरी श्वास बघून दाब स्वतःच कमीजास्त करते. दोन्ही थोडे थोडे दिवस वापरून पाहा, आणि तोवर गाडीला हात लावू नका.

माझे दीर तलावात मासोळीचं बीज सोडतात. पिशवीत ऑक्सिजन भरून पिल्लं आणतात, त्यामुळे हवेच्या विषयातले ते घरचे तज्ज्ञ. मशीन पाहून म्हणाले, "वहिनी, भाऊले पिशवीत टाका, रबर लावा, सकाळी सोडून द्या."

"ऑक्सिजन नाही भाऊजी, साधीच हवा आहे."

"मंग खिडकी कायले आहे?"

आधी एकाच दाबाची वापरली. घोरणं पहिल्याच रात्री बंद. पण हे म्हणाले, "ट्रकच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून झोपल्यासारखं वाटतं." घशाला कोरड पडे. पहाटे नाकातोंडावर बांधलेला मास्क उशीखाली सापडे. जन्मभर वर्गाला एकाच सुरात शिकवलेल्या माणसाला एकच दाब सोसू नये, याचं मला नवल वाटलं.

दुसरी आली आणि ह्यांचं तिच्याशी जमलं. "हिला समज आहे. गरजेपुरतंच बोलते."

"शिका काही," मी म्हटलं.

काही दिवस शांततेत गेले. मग मास्कमधून फुसफुस सुरू झाली आणि मागोमाग घोरणंही. मशीनच्या नोंदीत हवा गळत असल्याचं दिसत होतं. मशीनवाल्याने फोनवर पट्टा आवळायला सांगितलं. आवळला. गळती चालूच. "स्वतः निर्णय घेणं सगळ्यांना झेपत नाही," असा निकाल देऊन ह्यांनी दोन्ही मशिनी परत करायचं ठरवलं. पुढे फक्त प्राणायाम.

म्हणजे मी पुन्हा छताकडे बघायचं.

परत द्यायची म्हणून सकाळी मास्क धुवायला घेतला, तर कडेला सुपारीचा चुरा आणि चुना. खर्रा! तंबाखू, सुपारी, चुना पानठेल्यावर प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला, ज्याच्याविरुद्ध हे समाजमंदिरात दर सोमवारी बोलतात. आमच्या भागात माणूस खर्रा गालात ठेवूनच झोपतो, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. लपवतात ते फक्त सोमवारी बोलणारे. पहिल्या मशीनच्या वाऱ्यात तो वाळून जायचा, म्हणून सुटला होता. दुसरी सौम्य निघाली, तसा परतला. गाल फुगला की मास्कची कड उचलली जाई. हवा बाहेर, गळा बंद.

"हे काय जी?"

"बडीशेप असेल."

"बडीशेपले चुना काहून लागून राहिला?"

ओसरीवरून दीर म्हणाले, "भाऊ, पिशवीले भोक तुमीच पाडता, अन् शिव्या मशीनले देऊन राहिले!"

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दोन्ही मशिनी गळा उघडा ठेवतात. जी सकाळपर्यंत तोंडावर राहील, ती तुमची.

हे खाकरून काहीतरी बोलणार होते. मी आधीच म्हटलं, "तुमचा श्वास थांबला का माझा बी थांबते. मले रोज रात्री मरायचं नाही."

हे उठले, मोरीत जाऊन चूळ भरली, आणि खिशातली पुडी माझ्यासमोर केरात टाकली.

आपोआप दाब बदलणारी मशीन आम्ही ठेवली. त्या रात्री मी थोडा वेळ कान लावून होते. श्वास येत होता, जात होता. मग मी ऐकायचं विसरले.

सकाळी हे मास्क काढून गंभीरपणे म्हणाले, "हा माझा पुनर्जन्मच समज."

ऊन अंगणात आलं होतं. दूधवाला दार वाजवून वाजवून निघून गेला होता. आम्ही काळा चहा प्यायलो.