रुखवतातली बुट्टी

भाचीचं लग्न सोलापुरात, जुळे सोलापूरच्या एका कार्यालयात होतं. मुलाकडचे पुण्याचे. माझी बहीण अक्कलकोटकडं दिलेली. तिच्या घरात भांडी कानडीत बोलतात आणि माणसं मराठीत. रुखवतात तिनं वेताची बुट्टी, पितळी चंबू, आमटी वाढायचं वगराळं, अडकित्ता असं सगळं मांडलं होतं. प्रत्येक वस्तूपुढं नावाची चिठ्ठी ठेवायची, ही अलीकडची पद्धत.

चिठ्ठ्या तिच्या दिरांनी छापून आणल्या. बुट्टीपुढं ‘करंडिका’, चंबूपुढं ‘जलकुंभिका’. अडकित्त्यापुढं ‘पूगीफलकर्तक’. एखाद्या साध्या माणसाला शाल पांघरून सत्काराला बसवावं, तशी ती भांडी अवघडलेली दिसत होती.

“भावजी, ही नावं मला वाचता येईनात की,” बहीण म्हणाली.

“वहिनी, पुण्याची माणसं हायत. बुट्टी वाचून हसतील. पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल.”

बहिणीचा चेहरा उतरला. भीती तिलाही तीच होती.

“पाव्हणं, तुमी शिकलेले. शुद्ध काय ते सांगा,” दिरांनी मला मध्ये ओढलं.

मी म्हटलं, अडके म्हणजे कानडीत सुपारी, अडकित्ता तिथूनच आला. चंबू तिकडचा चेंबू. पुण्याची माणसं वरणावर घेतात ते तूपसुद्धा कानडी तुप्पावरूनच आलं, असं जाणकार सांगतात.

“मग काय वरण कोरडंच वाढायचं व्हय?” दीर म्हणाले.

भाची मेंदीचे हात वर धरून ऐकत होती. “मामा, मला तिथंही बुट्टीच म्हणायचंय. हसायचं असलं तर आजच हसून घेऊ देत.”

तिच्याच सांगण्यावरून बहिणीनं छापील चिठ्ठ्या काढल्या आणि स्वतःच्या गोल, ठसठशीत अक्षरात नव्या लिहिल्या. मला ते अक्षर छपाईपेक्षा देखणं वाटलं.

संध्याकाळी विहीणबाई रुखवत बघायला आल्या. बुट्टीपुढं थांबल्या. बहिणीनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

“बुट्टी,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग ती उचलून काठावरून हात फिरवला. “माझं माहेर मिरजेकडचं. आमच्यात बुट्टीच म्हणायचे. पुण्यात आल्यावर सासूबाई हसल्या, तेव्हापासून टोपली म्हणते.” मग भाचीकडं वळून म्हणाल्या, “तू बदलू नकोस हं. घरात आता आपण दोघी झालो.”

बहिणीची मूठ सुटली.

जेवणाच्या पंगतीत दीर पाहुण्यांना तूप वाढत सांगत होते, “चिठ्ठ्या मुद्दामच आपल्या बोलीत ठेवल्या. कल्पना आमचीच.”