पर कापलेली रोहू

माझ्या गोष्टीतली रोहू बैलबंडीत मावत नसे. एकदा तर तिने शेपटी आपटली आणि दोन कोसांवरून जाणारी आर्वीची एसटी ओलीचिंब झाली; कंडक्टरने शर्ट पिळून मग तिकिटं फाडली. हे मी नाचणगावपर्यंत शपथेवर सांगून आलो होतो. थापांत जिल्ह्यात माझा पहिला नंबर. तो पुढे एका कॉम्प्युटरने घेतला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचं घर, म्हणजे काका आणि मी, गावच्या तलावावर जगायचं. मत्स्य खात्याचे एक साहेब आले. त्यांनी पुष्कळ रोहूंचे पर जरासे कापून त्यांना परत पाण्यात सोडलं. म्हणाले, "अशी खुणेची रोहू जाळ्यात आली की या मिठाच्या पिंपात टाका. किती परत येतात त्यावरून कॉम्प्युटर तलावातली एकूण मासळी काढेल. मग किती धरायची ते सांगू, म्हणजे तलाव कधी रिकामा होणार नाही."

पहिलीच तशी रोहू मी पिंपाकडे नेली, तर काका खेकसले, "काऊन बे, मारून राह्यला का तिले? साहेबानं आपल्या हातानं सोडली ते. सरकारची हाय. टाक पाण्यात!"

"साहेबच म्हणे ना, पिंपात टाका."

"साहेब तं 'या कधी घरी' बी म्हणते. गेलता का तू?"

सगळ्या गावाने तेच केलं. पिंप रिकामं परत गेलं.

मग दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद आला. खुणेची एकही रोहू सापडली नाही, म्हणजे मासळी अफाट आहे, असं कॉम्प्युटरने काढलं होतं. इतकी, की पाण्याला जागा कुठे ठेवली ते विचारावंसं वाटलं. हवी तेवढी धरा, असा निरोप होता. आम्ही धरली. काकांनी पिल्लंही सुटणार नाहीत असं बारीक डोळ्यांचं जाळंही बाहेर काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात जाळं हलकं यायला लागलं. मला राग आला नाही, रडूही नाही. ओढायचं, झटकायचं, पुन्हा टाकायचं. एका सकाळी त्यात एकच रोहू होती. पर कापलेली. आम्हीच राखलेली.

काकांनी तिच्या कापलेल्या परावरून अंगठा फिरवला. "पिंप हाय का रे अजून?"

"नाई. साहेब घेऊन गेलते."

त्यांनी तिला पाण्यात सोडलं. दुपारी जाळं गुंडाळून ठेवलं आणि काका आर्वीच्या बाजारात कापसाची हमाली करायला गेले.

लोक अजून विचारतात, ती शेवटची रोहू केवढी होती? मी दोन्ही हात समोर धरतो. दीड वीत. त्याहून ते लांब जात नाहीत.