पाणी प्यायलेली नाव

फायबरची नाव कशानं दुरुस्त करतात, हे मला त्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. त्या हिवाळ्यात आईनं हट्ट धरला, एकदा नदीपलीकडच्या वाळूत जाऊन बसायचं, आणि तेही आपल्याच नावेतून. तिच्या पायांतलं बळ गेलं होतं. डॉक्टर आता महिन्यांचं बोलत नव्हते, आठवड्यांचं बोलत होते. भाड्याच्या नावा घाटावर हव्या तेवढ्या. पण परक्यांनी आपल्याला उचलून ठेवलेलं तिला नको होतं.

ही नाव बाबांनी एका हॉटेलवाल्याकडून जुनीच घेतली होती. रामघाटावर वेद शिकवणारा माणूस, आणि नावेचा शौक! पावसाळाभर वर ओढून ठेवलेली नाव पूर उतरला की ते आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवत. मल्लाह, म्हणजे इथले नावाडी, आपल्या लाकडी नावा तशाच ठेवतात. फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि सांधे बसतात. फायबरला कसले आलेत सांधे? पण "घाटाची रीत आहे" म्हटल्यावर बाबांपुढे बोलणार कोण! आई तर बाबा घाटावरून परतले की दरवेळी विचारायची, "सांधे बसले का हो?"

इंजिन बसतं ती मागची फळी आता हलत होती. आत प्लायवूड आणि वरून फायबरचे थर, एवढं मला फोनवर बघून कळलं. रामनगरला फायबरच्या मूर्ती करणारा एकजण होता, त्याच्याकडे गेलो. त्याच्याकडे थर चिकटवायचं स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन होतं. नव्या कामाला ते चालतं, जुन्या थराला मात्र नीट धरत नाही. एपॉक्सी धरतं, पण ते महाग, आणि त्याच्याबरोबर काचतंतूंची नेहमीची मॅट चालत नाही, विणलेलं कापड लागतं. माझे प्रश्न ऐकून तो वैतागला.

"भैया, नाव है, हवाई जहाज नहीं."

मी हट्टानं एपॉक्सीच मागवलं, कापड मागवलं, प्लायही कपाटाचं नाही, पाण्यात टिकणारं मरीन. सामान चांगलं निवडलं की काम होतं, अशी माझी भाबडी समजूत.

नाव भोसले घाटाच्या पायऱ्यांशी वर ओढून ठेवली होती. सामान आलं त्या दिवशी मी ग्राइंडरनं मागचा थर कापला. आत लाकूड नव्हतंच. आधी पाणी आलं, मग उकळलेल्या चहापत्तीसारखा काळा भुसा. तळाला आधार देणारे आतले दांडे कापले, तिथंही तेच. वरचे थर बोट घातलं तरी पदरापदरानं सुटून येत होते. स्क्रूच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी आत मुरलं होतं. एपॉक्सी चिकटवायचं तरी कशाला?

शेजारी उभ्या असलेल्या बाबांनी मूठभर भुसा उचलला. "मीच पाजलं रे हिला," म्हणाले.

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

घरी आलो तेव्हा आई खाटेवर जागीच होती. "झाली का मरम्मत?"

बाबा हात धूत होते. भुसा नखांत अडकला होता, निघत नव्हता. "झाली," ते म्हणाले. "पाण्यात ठेवलीय."

"मग आठवडा लागेल सांधे बसायला." मग ती माझ्याकडे वळली. "माझी हिरवी शाल काढ रे पेटीतून, उन्हात टाक. वाळूवर वारा फार असतो."

मी शाल काढली आणि गच्चीवर उन्हात टाकली.