मी ओटीपी सांगितला नाही

सरांनी यादी आधीच करून आणली होती. माझ्या नावापुढं लाल पेनानं लिहिलं होतं, पीसीबी.

कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये आम्ही बारावीचे सगळे रांगेत उभे होतो. सीईटीचा फॉर्म दर वर्षी सरच भरायचे. आपण मोबाइल घेऊन जायचं, ओटीपी सांगायचा, बाजूला व्हायचं. कुठल्या गटाची परीक्षा द्यायची, तेही सरच ठरवायचे. इंजिनिअरिंगला पीसीएम लागतो, त्यात गणित असतं. पीसीबीत गणिताऐवजी जीवशास्त्र. आमच्या वस्तीतल्या चारही पोरींपुढं पीसीबी होतं.

"सर, मला पीसीएम द्यायचंय."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण म्हणलं?"

"मीच."

"झेपायचं न्हाई तुला. फार्मसी कर. मेडिकलच्या काउंटरवर बराबर उभी राहशील."

"सर, गणितात मी वर्गात दुसरी आहे."

"पाठ करून पडतात तसे मार्क. आणि तुम्हाला काय गं, सवलतीत कुठंबी नंबर लागतो. कशाला डोकं फोडून राह्यली?"

मागून एक जण म्हणाला, "सर, हिनं बांधलेल्या पुलावरून आपण न्हाई जाणार बरं."

वर्ग हसला. सरही हसले. मला गणित यांनीच शिकवलं होतं.

झेपणार नाही. आणि नंबर तर लागतोच. दोन्ही एकाच तोंडातून, एका दमात. त्यातलं एक तरी खोटं असणारच, हे रांगेत कुणालाच सुचलं नाही.

सरांनी माझं नाव टाकलं, नंबर टाकला. मोबाइल माझ्या हातात थरथरला.

"सांग जल्दी. मागं रांग हाये."

बाबा छापखान्यात कागद कापायचे. सभा-जयंतीची उरलेली पत्रकं घरी आणायचे. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची आणि उत्तर चुकलं की कागद उलटून पत्रक वाचायची. आपला निर्णय आपण घ्यावा, असं त्यांत पुन्हा पुन्हा लिहिलेलं असायचं. वाचायला सोपं होतं.

मी मोबाइल मुठीत धरला.

"न्हाई सांगत."

स्क्रीनवर सेकंद उलटे पळत होते. मग वेळ संपली.

"बस मंग घरी," सर म्हणाले. "चल, पुढची."

पुढची मुलगी प्रतीक्षा होती. माझ्याच गल्लीतली. वर्गात पहिली यायची ती. तिनं खाली बघत हळू आवाजात सहा आकडे सांगितले.

त्या दिवशी ती माझ्यासोबत परत आली नाही. आमच्या हसनाबादच्या स्टँडवर मी एकटीच उतरले. आईला सगळं सांगितलं. सोयाबीन निवडता निवडता ती म्हणाली, "सर भल्याचंच सांगत असतील ना. सगळ्या पोरी गप्प राह्यल्या, तुलाच काय झाल्तं?" बाबा पत्रकांचा गठ्ठा कोपऱ्यात ठेवून जेवायला बसले. ती रात्र मला अजून आठवते. घरात माणसं होती, आणि कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भोकरदनला गेले. नेट कॅफेत स्वतः फॉर्म भरला. पीसीएमपुढच्या गोलावर क्लिक केलं.

मग वर्गात माझ्या बाकावरची शेजारची जागा रिकामी झाली. शंका विचारायला हात वर केला की सरांची नजर पुढच्या रांगेवर जायची. मी हात वर करायची थांबले नाही. पुस्तक समोर धरून एकटीच अडायची, एकटीच सुटायची.

जालन्याच्या केंद्रावर परीक्षा दिली. गणिताचा पेपर निम्माही झाला नाही. मला हवं होतं ते सरकारी कॉलेज फार वर राहिलं.

निकालानंतर सर चौकात चहा पीत होते. मला बघून चारचौघांत म्हणाले, "सांगितल्तं का न्हाई?"

घरी येईपर्यंत डोळे कोरडे ठेवले, एवढंच.

मी वर्षभर घरीच बसून अभ्यास केला. यंदा पुन्हा त्याच नेट कॅफेत गेले. मालकानं ओळखलं.

"ताई, परत पीसीएम? बदलायचा असंल तर आताच बदल."

"पीसीएमच."

वर्गात मी पाठ करून मार्क मिळवले नव्हते, हे मला माहीत आहे. पेपर पुरा करायला मी कमी पडले, हेही माहीत आहे. ते माझं मी बघेन. यंदाही मागं राहिले तर त्याच गटात राहीन, आणि पुढच्या वर्षी याच खुर्चीत येऊन बसेन.

मोबाइल वाजला. मालकानं कीबोर्डवर बोटं ठेवली. "हां, सांगा."

कीबोर्ड मी माझ्याकडं ओढला.