एक जास्तीचं घुंगरू

आमच्या कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. आम्ही चिनी मातीची मोठी भांडी बनवायचो, इस्पितळांच्या आणि वसतिगृहांच्या स्वयंपाकघरांसाठी. पहिल्या भाजणीनंतर प्रत्येक भांडं कानसेनच्या टेबलावर यायचं. लाकडी हातोडीने तो ते तीन जागी हलकेच ठोकायचा. स्वच्छ वाजलं तर बुडाला त्याचा सात नंबरचा शिक्का, मग त्यावर झिलई चढायची आणि शिक्का खाली कायमचा बसायचा. बद्द वाजलं तर भांडं फुटक्यांच्या ढिगात. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या कानातून तो सुटत नसे. पास झालेली भांडी झिलईच्या गाड्यावर रचण्याचं काम माझं. अशी आम्ही दोघांनी शेजारी शेजारी एकोणीस वर्षं काढली.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, सांगायची, "लग्न ठरवायला आमच्या घरी आले, तर आधी बशी वाजवून बघितली यांनी. माझ्याकडे नंतर पाहिलं."

"बशी चांगली निघाली," तो म्हणायचा. "पुढचं काय सांगू!"

त्याला एकच शौक होता. एका जुन्या रॉक बँडचं नाताळचं गाणं. डिसेंबर लागला की तो टेपरेकॉर्डर घेऊन यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत ते लावायचा. मला त्या बँडची बाकीची गाणी आजही सोसत नाहीत, गिटारी नुसत्या किंचाळत असतात. पण हे गाणं वेगळं आहे. आयुष्यभर धिंगाणा घालणारी माणसं दुसऱ्याच्या घरात, झोपलेल्या लेकरांच्या खोलीत शिरल्यावर जशी वागतील, तसे ते सगळे त्यात वागतात. गाणाऱ्याचा गळा फाटकाच आहे, पण तो जपून गातो. ढोल बराच वेळ गप्प असतो. आणि मागे बारीक घुंगरं वाजत राहतात, बर्फातल्या घोडागाडीची. शेवटी सगळे थांबतात, घुंगरंही थांबतात, आणि मग एक घुंगरू एकटंच पुन्हा वाजतं.

"ऐकलंस?" कानसेन हात वर करून म्हणायचा. "कुणाचा तरी हात हलला. चूक आहे ती. पण त्यांनी पुसली नाही, तशीच ठेवली."

"तू असतास तर ढिगात टाकली असतीस."

"टाकली असती लेका! म्हणून तर त्यांना मानतो."

मला ते घुंगरू त्यानेच ऐकायला शिकवलं. पहिली दोन वर्षं मला ते सापडतच नव्हतं.

मग माती दळायचं मोठं पिंप आमच्या खोलीच्या भिंतीला लागून बसवलं. त्यात दगडी गोटे दिवसभर गडगडायचे. आम्ही ओरडून बोलायला लागलो. सवय झाली, असं सगळेच म्हणाले. सहा वर्षं गेली.

त्या डिसेंबरात त्याने नेहमीसारखं गाणं लावलं. ढोलाच्या ठेक्यावर त्याची मान हलत होती. गाणं संपत आलं, ते एकटं घुंगरू वाजलं, मी सवयीने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात वर गेला नाही. तो टेपरेकॉर्डरकडे बघत बसला होता.

"टेप झिजली रे," तो म्हणाला. "घुंगरं गेली."

आठवड्याने तो नवी कॅसेट घेऊन आला. ती ऐकली, पुन्हा ऐकली.

"हीही तसलीच. कंपनीनेच काढून टाकली वाटतं घुंगरं. तुला येतात का ऐकू?"

मला स्पष्ट येत होती. पण आमच्याकडे ज्याचा कान गेला त्याचं टेबल गेलं, आणि त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. शिवाय मी मुळातच भिडस्त. कुणाला तोंडावर वाईट सांगायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

"नाही बुवा," मी म्हणालो. "काढलीच असतील."

त्याचा चेहरा उजळला. "बघ! म्हटलं, आपलेच कान गेले की काय."

त्यानंतर तो हातोडी जरा जोरात मारायला लागला, आणि फुटक्यांचा ढीग लहान झाला. सुपरवायझर खूश होते. मी भांडी गाड्यावर रचत राहिलो. खोटं कशाला बोलू, एकदोन भांडी मला रचताना बद्द वाजली. मी ती मुकाट्याने ढिगात टाकली आणि मनाला सांगितलं, आता माझं लक्ष आहे.

मार्चमध्ये सुपरवायझर एक खापर घेऊन आले. एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उकळतं सूप ओतताना बरणी फुटली होती. स्वयंपाकीणबाईंचे दोन्ही पाय भाजले होते. पुढे त्यातला एक कापावा लागला.

"झिलईनंतर तडकली असेल," मी म्हणालो.

कानसेनने खापर उजेडात धरलं. बुडाला सात नंबर होता. तुटलेल्या कडेवर त्याने नख फिरवलं. तड्याच्या आत झिलई उतरून चकाकत होती. झिलईच्या आधीचाच तडा होता तो.

"माझ्याकडून गेली ही," एवढंच तो बोलला. हातोडी टेबलावर ठेवली, डबा घेतला आणि घरी गेला. पुन्हा आला नाही.

पुढची वर्षं त्याने खिडकीशी बसून काढली. हळूहळू काहीच ऐकू येईनासं झालं. वहिनी पाटीवर लिहून बोलायची. मी दर डिसेंबरात जायचो. तो गाणं लावायला सांगायचा आणि स्पीकरवर तळहात ठेवायचा. ढोल हाताला लागायचा.

गेल्या नाताळात, तो जाण्याच्या दीड महिना आधी, त्याने गाण्याच्या मध्येच विचारलं. बहिऱ्या माणसाचा मोठा, सपाट आवाज.

"त्या वेळी तुला ऐकू येत होती ना घुंगरं?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. पाटी माझ्यासमोर होती. मी काही लिहिलं नाही, फक्त होकारार्थी मान हलवली.

त्याने स्पीकरवरचा हात काढून घेतला.

"तेव्हाच सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर बाई चालली असती रे."

त्याने तोंड भिंतीकडे केलं. गाणं चालूच होतं. सगळे थांबले, मग ते एक घुंगरू वाजलं. मी हात वर केला. तो बघत नव्हता.